म्यानाच्या पाठीवरचे आकडे : सुरीकार बो रँडल

अमेरिकेत एखाद्या वृद्ध गृहस्थाचे निधन झाले की काही आठवड्यांनी त्याच्या घराचे दार परक्यांसाठी उघडते. त्याला इस्टेट सेल म्हणतात. दिवाणखान्यातील काचसामानापासून गॅरेजमधील हातोड्यापर्यंत प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावलेली असते. त्यात मासेमारीच्या पेटीशेजारी बहुधा एखादी शिकारीची सुरी असते, आणि जवळच, कधी दुसऱ्याच टेबलावर, एक रिकामे चामडी म्यान. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या या दोन वस्तूंची ताटातूट घरातल्याच कोणी आवराआवर करताना केलेली असते. सुरी कोणा एकाकडे जाते, म्यान दुसऱ्याकडे. त्या सुरीच्या पात्यावर ऑर्लँडो, फ्लोरिडा असा बारीक शिक्का असेल, तर तिच्या वयाचा सर्वांत भरवशाचा पुरावा त्या क्षणी नाहीसा होतो. कारण या सुऱ्यांवर वर्ष कोरलेले नसते आणि अनुक्रमांकाची रीतही त्या कारखान्याने पाळली नाही. सुरी केव्हाची, हे सांगायचे काम बरेचसे म्यानाकडे आले. हे कोणी ठरवून केले नव्हते. वॉल्टर डोएन रँडल या माणसाने उत्तम सुऱ्या केल्या आणि म्याने मात्र इतरांकडून करून घेतली, एवढेच त्यामागचे कारण.

रँडल यांना सारे जण बो म्हणत. जन्म १९०९ चा. कुटुंब फ्लोरिडातील संत्र्या-मोसंबीच्या बागायतीतले. मध्य फ्लोरिडात त्या काळी बागाईतदार असणे म्हणजे ऑर्लँडोसारख्या छोट्या शहरात प्रतिष्ठित आणि खाऊनपिऊन सुखी असणे. आज ज्या ऑर्लँडोत मराठी कुटुंबे मुलांना घेऊन डिस्नेच्या रांगेत उभी राहतात, त्याच्या चहूकडे तेव्हा बागा होत्या आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली की बागाईतदारांची झोप उडत असे. बो यांना लोहारकामाचा वारसा नव्हता. पोटासाठी ऐरणीपुढे उभे राहण्याची गरजही नव्हती. शिकार, मासेमारी आणि हाताने काही घडवण्याची हौस, एवढेच भांडवल. ती हौस धंद्यात उतरली ती एका उन्हाळी सुट्टीमुळे.

१९३७ साली मिशिगन राज्यातील वलून सरोवराच्या काठी बो यांनी एका माणसाला होडीवरचा जुना रंग खरवडताना पाहिले. खरवडण्यासाठी त्याच्या हातात पत्र्याचा तुकडा नव्हता, एक देखणी शिकारी सुरी होती. कोणत्याही सुरीची त्या कामात धार जावी. या सुरीची गेली नव्हती. बो यांनी ती विकत घेतली. सुरी विल्यम स्केगल या कारागिराची होती.

स्केगल यांच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्यांच्यावाचून रँडल समजत नाहीत. मिशिगन सरोवराच्या पूर्व काठाजवळील फ्रूटपोर्ट या गावी हा माणूस लोकांपासून अंतर राखून राहत असे आणि सुऱ्या, कुऱ्हाडी व लोखंडी कामे करीत असे. गावात त्याची ख्याती तऱ्हेवाईक म्हणून. पोलिओने पाय गेलेल्या मुलांसाठी तो आधाराच्या पट्ट्या बनवून देई आणि पैसे घेत नसे, ही गोष्टही त्याच गावात सांगितली जाते. शिकागोतील व्हॉन लेंगर्के अँड अँटोइन या क्रीडासाहित्याच्या दुकानातून त्याची सुरी विकली जाई. पात्यावर नागमोडी कट्यारीचे छोटे चिन्ह असे. चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेली मूठ आणि तिच्या टोकाला हरणाच्या शिंगाचा बुंध्याकडचा खडबडीत भाग, ही त्याची ओळख. चामडी चकत्यांची मूठ अमेरिकेत एकट्या स्केगल यांची नव्हती. मिशिगनच्याच उत्तर भागात ग्लॅडस्टोन येथे वेबस्टर मार्बल या जंगल-मोजणीदाराने विसाव्या शतकाच्या आरंभी अशा मुठीच्या शिकारी सुऱ्या कारखान्यात बनवून देशभर विकल्या होत्या. मार्बल यांच्या सुऱ्या चांगल्या होत्या, आजही आहेत. परंतु त्या कारखान्याच्या होत्या. स्केगल यांची प्रत्येक सुरी एका माणसाच्या हातची, आणि दोन सुऱ्या कधी अगदी एकसारख्या नसत.

ऑर्लँडोला परतल्यावर बो यांनी तशी सुरी स्वतः करून पाहायचे ठरवले. मोटारीच्या स्प्रिंगचे पोलाद तापवून ठोकून घडवलेली ती पहिली सुरी. मोटारीचा स्प्रिंग हा आपल्याकडच्या लोहारांनाही परिचयाचा कच्चा माल आहे. कोयते आणि विळे आजही त्यातून निघतात. पोलाद लाल करणे, घणाने आकार देणे, तेलात विझवून कडक करणे आणि मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा मंद तापवून पाणी देणे, ही विद्या पुस्तकापेक्षा चुकांतून येते. कडक ठेवली तर धार तुटते, मऊ ठेवली तर वळते. त्या दोहोंमधली जागा सापडेपर्यंत बऱ्याच पात्यांचा बळी जातो. बो यांच्याकडे वेळ होता आणि बागेचे उत्पन्न होते, म्हणून ते टिकले असे म्हणण्यास हरकत नाही. हौशी माणसाला चुका परवडतात. त्यांच्या सुऱ्या मित्रांनी घेतल्या, मित्रांच्या मित्रांनी मागितल्या आणि १९३८ पर्यंत हा छंद व्यवसाय म्हणवून घेण्याजोगा झाला. पुढे त्यांनी स्वीडनमधून येणारे अवजारी पोलाद पसंत केले आणि ते तापवून हातोड्याने घडवण्याची रीत कारखाना वाढल्यावरही सोडली नाही. पोलादाच्या पट्टीतून आकार कापून घासून काढणे स्वस्त पडते. बहुतेक सुरीकार तेच करतात.

युद्ध आले नसते तर रँडल हे नाव फ्लोरिडाच्या शिकाऱ्यांपुरतेच राहिले असते. १९४२ साली एका नौसैनिकाने त्यांच्याकडे शिकारीसाठी नव्हे, तर समोरासमोरच्या झुंजीसाठी सुरी मागितली. तिच्यातून पुढे पहिल्या क्रमांकाचा नमुना ठरला. सरळ, दणकट, पाठीलाही काही अंतर धार असलेले पाते, दोन्ही बाजूंना आलेली पितळी आडपट्टी, हात घसरू नये अशी मूठ. त्या सैनिकाच्या कमरेची सुरी त्याच्या सोबत्यांनी पाहिली आणि पत्रे येऊ लागली. वृत्तपत्रांनी दखल घेतल्यावर तर ओघ लागला. दूरच्या छावण्यांतून येणाऱ्या काही पाकिटांवर धड पत्ताही नसे. ऑर्लँडोचा सुरीवाला एवढे लिहिलेले पत्र टपाल खाते बरोबर पोचवीत असे.

इथे त्यांच्यापुढे खरा पेच उभा राहिला. सैनिक वाट पाहू शकत नाही. जहाज सुटते, तुकडी हलते, आणि सहा महिन्यांनी तयार झालेली सुरी ज्याच्या नावाने आहे तो माणूस कुठे असेल, असेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. हाताने घडवायचे तर संख्या वाढत नाही. यंत्राने करायचे तर ती आपली सुरी राहत नाही. बो यांनी मधला मार्ग काढला. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे कंत्राटाने सुमारे एक हजार सुऱ्या करवून घेतल्या. संग्राहक त्यांना स्प्रिंगफील्ड म्हणूनच ओळखतात. त्यांची पात्यांची ठेवण आणि शिक्का वेगळा आहे, आणि आज त्यांना स्वतःची अशी मोठी किंमत आहे. ऑर्लँडोच्या कारखान्यातून युद्धकाळात सुमारे चार हजार सुऱ्या बाहेर पडल्या. युद्ध संपल्यावर स्प्रिंगफील्डचा प्रयोगही संपला. शांततेच्या काळात मागणी होती, भांडवल मिळाले असते, मोठा कारखाना काढता आला असता. तो त्यांनी काढला नाही. ग्राहकाला थांबायला लावायचे, पण सुरी आपल्या भट्टीवर, आपल्या नजरेखाली व्हायला हवी, हा निर्णय त्यांनी तेव्हा घेतला आणि तो आयुष्यभर पाळला. व्यापाराच्या दृष्टीने तो शहाणपणाचा होता का, याचे उत्तर पुढच्या पन्नास वर्षांच्या प्रतीक्षायादीने दिले आहे.

सगळे स्वतःच्या छपराखाली करण्याच्या या हट्टातून एक गोष्ट सुटली. ती म्हणजे म्यान.

चामड्याचे काम ही वेगळी विद्या आहे. खोगीर शिवणाऱ्यांची, पट्टे आणि पिस्तुलांची आवरणे करणाऱ्यांची. बो यांनी तिच्यात हात घातला नाही. आरंभी ऑर्लँडोचेच क्लॅरेन्स मूर हे चर्मकार त्यांची म्याने शिवीत. युद्धात मागणी वाढली तेव्हा टेनेसीतील चॅटनूगाच्या सदर्न सॅडलरी या खोगीर-कंपनीकडून म्याने येऊ लागली. त्यानंतर आली डेन्व्हरची हायझर ही पेढी. पश्चिमेकडील गुराख्यांना खोगिरे पुरवणारे हे एकोणिसाव्या शतकापासूनचे जुने नाव. हायझरचे म्यान हाती घेतले की फरक कळतो. जाड, घट्ट कमावलेले चामडे, नीट बसलेले टाके आणि मागच्या बाजूला पेढीचा शिक्का. त्याच्याजवळ आणखी एक उपकारक गोष्ट असते. सुरीच्या नमुन्याचा क्रमांक आणि पात्याची लांबी इंचांत, असे दोन आकडे. तीन आणि सहा असे आकडे असतील तर ते म्यान तिसऱ्या क्रमांकाच्या, म्हणजे हंटर नमुन्याच्या, सहा इंची सुरीसाठी शिवलेले आहे. त्यात पाच इंचांची सुरी खुळखुळत असेल तर ती जोडी मूळची नव्हे.

हायझरचा काळ साधारण पन्नासच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालतो. अखेरीच्या काही म्यानांवर हायझर नावाऐवजी एच. के. एल. ही अक्षरे दिसतात, कारण पेढीची मालकी आणि नाव दोन्ही बदलले होते. हा टप्पा अल्पकाळाचा असल्यामुळे ती म्याने सुरीचे वय फार नेमके सांगतात. साठच्या दशकाच्या आरंभी मॉरिस जॉन्सन यांनी हे काम हाती घेतले. जॉन्सन यांच्या आधीच्या म्यानांची पाठ खरखरीत असते. कातड्याची मांसाकडची बाजू बाहेर ठेवलेली असते. संग्राहक त्यांना रफबॅक म्हणतात. नंतरच्या म्यानांची पाठ गुळगुळीत आहे. सुरीची धार लावण्याच्या दगडासाठी म्यानावर शिवलेली छोटी पिशवी, तिचे बटण, त्या बटणाचा आकार आणि रंग, हेही काळाप्रमाणे बदलत गेले. ऐंशीच्या दशकात जॉन्सन यांच्या जागी टॅम्पाची सलिव्हन्स ही कार्यशाळा आली. म्हणजे मूर, सदर्न, हायझर, जॉन्सन, सलिव्हन्स असा हा क्रम आहे. पेशव्यांचा क्रम पाठ असावा तसा तो रँडलच्या संग्राहकांना पाठ असतो, आणि नाणेशास्त्राच्या अभ्यासकाला राज्यकर्त्याचे नाव जितके उपयोगी तितकाच तो त्यांना उपयोगी पडतो.

सुरीवरही खुणा असतातच. मुठीतल्या चामडी चकत्यांच्या मधे घातलेल्या रंगीत पातळ चकत्यांची संख्या आणि क्रम, मुठीच्या टोकाच्या धातूच्या टोपीचा आकार, आडपट्टीची जाडी, शिक्क्याची पात्यावरची जागा, गंजरोधक पोलादाच्या पात्यावर शिक्क्याजवळ असणारे एस हे अक्षर. एकटी खूण फसवते. मूठ दुरुस्तीला परत पाठवण्याची सोय कारखान्यात होती, त्यामुळे पन्नासच्या दशकातील पात्यावर सत्तरच्या दशकातील मूठ असू शकते, आणि त्यात कोणाचीही लबाडी नसते. चार-पाच खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच त्या काळाचे नाव घ्यावे. कारखान्याची जुनी सूचीपत्रे यासाठी मोलाची ठरतात. त्यांना स्वतःलाच आता बाजारभाव आहे.

जिथे किंमत म्यानावर ठरते तिथे म्यान बदलण्याचा मोह होणारच. साधी सत्तरच्या दशकातील सुरी आणि कुठून तरी मिळवलेले हायझरचे रिकामे म्यान एकत्र आले की विक्रेता तिला वीस वर्षांनी जुनी करून टाकतो. मराठीत एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे म्हणतात. इथे एका म्यानात पाळीपाळीने अनेक सुऱ्या राहून गेलेल्या असतात. खरी जोडी ओळखण्याची काही साधी साधने आहेत. चामडे आपल्या सोबत्याचा ठसा घेते. दशकानुदशके आत राहिलेल्या सुरीच्या आडपट्टीची कडा म्यानाच्या तोंडाशी उमटते, धारेच्या बाजूने आत एक रेघ पडते, मुठीवर येणाऱ्या पट्ट्याने मुठीचा तेवढाच भाग वेगळ्या रंगाचा राहतो. पितळ आणि चामड्यातील तेल यांच्या संयोगाने हिरवट चिकट थर जमतो. तो सुरीवर जिथे आहे त्याच्या समोर म्यानावरही असायला हवा. टाके पाहावेत. अतिनील दिव्याखाली आधुनिक कृत्रिम धागा बहुधा निळसर चमकतो, जुना तागाचा किंवा सुती धागा चमकत नाही. टाके बदललेले असणे हा गुन्हा नव्हे, पण विक्रेत्याने ते सांगितलेले असावे.

या पुराव्याचा सर्वांत मोठा शत्रू मात्र लबाड विक्रेता नसतो. तो मान मृताच्या प्रेमळ आणि उत्साही नातेवाइकाकडे जातो. वडिलांची वस्तू विकण्याआधी, किंवा भिंतीवर लावण्याआधी, चकचकीत करावी असे त्याला वाटते. विद्युत चाकावर पाते घासले की शिक्क्याच्या कडा बोथट होतात, कारागिराच्या सहाणेच्या रेषा जातात आणि साठ वर्षांत पोलादावर चढलेली राखाडी झाक दहा मिनिटांत निघून जाते. म्यानाला भरपूर तेल पाजले की ते काळवंडते, मऊ पडते आणि टाक्यांची भोके ताणली जातात. त्यापेक्षा कोरड्या मऊ फडक्याने पुसून काहीच न करणे अधिक फायद्याचे ठरते. आणखी एक विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे. जोडी कधी तोडू नये, पण सुरी म्यानात घालून साठवूही नये. कमावलेल्या कातड्यातली आम्ले आणि हवेतली ओल मिळून साध्या पोलादाच्या पात्यावर गंजाचे खड्डे पाडतात. दोन्ही वस्तू एकाच खणात, शेजारी शेजारी, वेगवेगळ्या ठेवाव्यात.

मुठीच्या साहित्याचा विचार भारतीय वाचकाला अधिक जवळचा वाटेल. शिकारी सुरीची अभिजात मूठ शिंगाची. तीत सर्वाधिक पसंतीचे शिंग म्हणजे भारतीय सांबराचे. अमेरिकन हरणाच्या शिंगाचा गाभा सच्छिद्र असतो, सांबराचे शिंग त्यापेक्षा भरीव आणि कठीण. त्यामुळे इंग्लंडच्या शेफील्डपासून अमेरिकेपर्यंत सुरीकारांनी ते कित्येक पिढ्या भारतातून मागवले. मध्य प्रदेशात किंवा विदर्भात गळून पडलेली शिंगे मिशिगनच्या शिकाऱ्याच्या मुठीत विसावत. वन्यजीव संरक्षणाचे कायदे कडक होत गेले तशी भारतातून होणारी ही निर्यात थांबली, आणि जुन्या सांबरशिंगी मुठीचा भाव वाढत गेला. हस्तिदंती मुठीची गोष्ट याहून नाजूक आहे. रँडल यांच्या कारखान्यात मागणीनुसार हस्तिदंती मुठी होत असत. २०१६ पासून अमेरिकेच्या संघराज्य सरकारने आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराज्य व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आणली. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू आणि काही अटींवर अल्प वजनाचा हस्तिदंत असलेल्या वस्तू यांना सवलत आहे. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाचे स्वतःचे कायदेही आहेत. म्हणजे एका राज्यात कायदेशीर असलेली सुरी शेजारच्या राज्यात विकणे गुन्हा ठरू शकते. अशी वस्तू वारशाने आली तर किंमत विचारण्याआधी कायदा विचारावा.

पन्नास आणि साठच्या दशकांत बो यांच्या नमुन्यांची संख्या वाढत गेली. मासेमारीसाठी, कातडे सोलण्यासाठी, पक्ष्यांसाठी आणि ट्राउट माशासाठी, मोठ्या बोवी धाटणीच्या, वैमानिकांसाठी. त्यांतील दोन नमुन्यांच्या कथा वेगळ्या आहेत. पहिली सतराव्या क्रमांकाची. मर्क्युरी मोहिमेतील सात अंतराळवीरांसाठी गॉर्डन कूपर यांच्या साहाय्याने बो यांनी ॲस्ट्रो ही सुरी तयार केली. परतीचे यान ठरलेल्या जागी न उतरता कुठे जंगलात किंवा समुद्रात पडले तर हाताशी असावी म्हणून. गस ग्रिसम यांचे लिबर्टी बेल ७ हे यान २१ जुलै १९६१ रोजी अटलांटिकमध्ये उतरल्यानंतर झाकण उडून बुडाले. ग्रिसम वाचले. यान मात्र सुमारे तीन मैल खोल तळाशी अडतीस वर्षे पडून होते आणि १९९९ साली वर काढण्यात आले. आत ग्रिसम यांची सुरी होती. स्वच्छ केल्यावर ती वापरण्याजोगी निघाली.

दुसरी अठराव्या क्रमांकाची. व्हिएतनाममध्ये सेवा करणाऱ्या जॉर्ज इंग्रॅम या लष्करी डॉक्टराच्या कल्पनेतून ती आली. कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायला पत्रा कापता यावा म्हणून पात्याच्या पाठीला करवती दाते, आणि औषधाच्या गोळ्या, काड्यापेटीच्या काड्या, गळ असे काही ठेवता यावे म्हणून आतून पोकळ मूठ. नंतर चित्रपटांनी या धाटणीच्या सुऱ्यांचे पेव फोडले. बहुतेक नकला होत्या. व्हिएतनाम काळातील मूळ सुरी, जॉन्सनचे म्यान आणि सैनिकाची कागदपत्रे अशी तिन्ही एकत्र सापडली तर संग्राहक वाटेल ती किंमत द्यायला तयार होतात. त्यांतही कागद महत्त्वाचा. सैनिकाचे नाव, त्याची तुकडी, कारखान्याशी झालेला पत्रव्यवहार, सुरी कमरेला असलेले छायाचित्र, यांपैकी काहीही असेल तर तीच सुरी एका वेगळ्या श्रेणीत जाते. कुटुंबात सांगितली जाणारी कथा, ती कितीही खरी असली तरी, कागदावाचून लिलावात फारशी उपयोगी पडत नाही. हा बाजाराचा कोरडेपणा आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

सुरीची दुसरी एक किंमत असते, तिची नोंद टेक्सासच्या गाय क्लार्क या गीतकाराने केली आहे. रँडलच्या सुरीचेच नाव दिलेले त्यांचे गाणे १९८३ मध्ये प्रथम ध्वनिमुद्रित झाले आणि १९९५ मध्ये पुन्हा. वडिलांची सुरी मुलाने लहानपणी खेळताना टोकाशी मोडली, वडील एक शब्द बोलले नाहीत, सुरी खणात गेली, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर मुलाला घरातली तीच वस्तू हवी झाली, असा त्याचा आशय. मूल्यनिर्धारणाच्या नियमाने टोक मोडलेल्या सुरीची किंमत निम्म्याहून खाली यावी. या गाण्यानंतर रँडल हे नाव ज्यांनी कधी शिकार केली नाही त्यांच्याही कानी गेले.

बो रँडल स्वतः संग्राहक होते, हे अनेकांना ठाऊक नसते. जगभरातील सुऱ्या, कट्यारी, युद्धशस्त्रे त्यांनी जमवली. ऑर्लँडोत कारखान्याशी जोडलेल्या संग्रहालयात अशा सात हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांत मानाची जागा विल्यम स्केगल यांच्या सुऱ्यांना आहे. १९६३ साली स्केगल वारले तेव्हा त्यांचे नाव जाणणारे थोडे होते. आज त्यांची एक चांगली सुरी हजारो डॉलरना जाते आणि तिच्या बनावट प्रती इतक्या आहेत की नागमोडी कट्यारीचे ते चिन्ह दिसले की जाणकार आधी संशय घेतात. ज्याच्या सुरीवरून आपण शिकलो त्याचे नाव लपवण्याची अनेक कारागिरांना खोड असते. बो यांना ती नव्हती. उलट स्केगल यांची कीर्ती टिकली ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. वलून सरोवराच्या काठी रंग खरवडणाऱ्या माणसाची गोष्ट जगाला माहीत आहे, कारण ती बो यांनीच सांगितली.

१९८३ मध्ये अमेरिकन सुरीव्यवसायाने आपले सन्मानमंदिर सुरू केले तेव्हा पहिले नाव त्यांचे निवडले गेले. तोवर कारखान्याची सूत्रे पुत्र गॅरी यांच्याकडे येत होती. १९८९ साली बो यांचे निधन झाले. कारखाना कुटुंबाकडेच राहिला. पाती आजही तापवून हातोड्याने घडवली जातात आणि थेट कारखान्याकडे नोंदवलेल्या सुरीसाठी काही वर्षे थांबावे लागते. ज्यांना थांबायचे नसते ते दलालांकडून अधिक किंमत देऊन घेतात. नवी सुरी टपालाने घरी येते तेव्हा तिच्या सोबत म्यान असते, त्यावर दगडाची पिशवी असते, आणि म्यानाच्या पाठीवर, चर्मकाराच्या नावाजवळ, नमुन्याचा क्रमांक आणि पात्याची लांबी.